माध्यमांतर आणि आत्माविष्कार

'आत्माविष्कार' हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाविषयी विचारणा करणे बहुतेकांस अनावश्यक वाटते. कवी कविता का लिहितो, चित्रकार चित्र का काढतो, या प्रश्नांना 'आत्माविष्कारासाठी' असे उत्तर दिले की चर्चा संपते. परंतु एकच व्यक्ती कविता लिहिते, चित्रे काढते, गायनवादनाचा अभ्यास करते आणि यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी थांबत नाही, तेव्हा हे उत्तर अपुरे पडते. आविष्कार करावयाचा 'आत्मा' एकच असेल, तर त्यास इतक्या वाटा कशास हव्यात? आणि एक वाट पुरेशी ठरली नाही म्हणून दुसरी धरली असेल, तर पहिल्या वाटेवर जे साधले ते अपुरे होते असे समजावयाचे काय?

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. पदव्युत्तर वर्गांत दरवर्षी असे विद्यार्थी भेटतात की जे प्रबंधिकेचे काम चालू असता एकांकिकेत भूमिका करतात, रेखाटने करतात, पद्यरचना करतात. त्यांना आपल्या लोकव्यवहारातील 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण ऐकविली जाते. ही म्हण कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही, याचा निर्णय करावयाचा तर प्रथम 'आविष्कार' या कल्पनेचीच फोड करावयास हवी. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न आहे.

१. शब्दाची साक्ष

'आविष्कार' म्हणजे 'आविस्' करणे, उघड करणे. त्याचा समानार्थी म्हणून वापरला जाणारा 'अभिव्यक्ती' हा शब्द 'अञ्ज्' या धातूपासून सिद्ध होतो. माखणे, लेप देणे, आणि त्यायोगे उजळून दाखविणे, असे त्या धातूचे अर्थ आहेत. डोळ्यांत घालावयाचे 'अंजन', स्वरांच्या साहाय्याने उच्चारले जाणारे 'व्यंजन', काव्यशास्त्रातील 'व्यंजना' आणि माणसास लावला जाणारा 'व्यक्ती' हा शब्द, ही सर्व एकाच कुळातील मंडळी होत. या कुळाचा स्वभाव लक्षात घेण्यासारखा आहे. वस्तू अगोदरच असते. ती झाकलेली असते. अभिव्यक्तीमुळे ती दिसू लागते. भारतीय दर्शनांत यासाठी दीप आणि घट यांचा दृष्टांत वारंवार येतो. अंधाऱ्या खोलीत घट होताच; दिवा आणल्यावर तो दिसला. दिव्याने घट घडविला नाही.

आत्माविष्काराविषयीची आपली नित्याची समजूत याच दृष्टांतावर उभी आहे. मनात काही भाव, विचार अथवा अनुभव पूर्वसिद्ध असतो आणि कला हा तो दाखविणारा दिवा होय. ही समजूत मान्य केली तर अनेक कलांकडे वळणारा माणूस हा एकाच घटावर निरनिराळे दिवे धरून पाहणारा ठरतो. अधिक उजेडाचा दिवा सापडला की इतर दिव्यांचे प्रयोजन संपावयास हवे.

तथापि आपल्याच परंपरेत या दृष्टांतास उत्तर दिले गेले आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त रसाची चर्चा करताना स्पष्ट सांगितले की रस व्यक्त होतो तो दिव्याने घट दिसावा तसा नव्हे, तर दुधाचे दही व्हावे तसा. दही होण्यापूर्वी दूध होतेच. म्हणून ते शून्यातून निर्माण झाले नाही. परंतु दही दह्याच्या रूपाने आधी कोठे लपलेले नव्हते. व्यक्त होणे म्हणजे येथे रूपांतर होणे. विश्वनाथाचा रोख सहृदयाच्या मनातील स्थायिभावाकडे होता, कलावंताच्या आत्मशोधाकडे नव्हता, हे खरे. तरी हा दृष्टांत आपल्या प्रश्नास उपयोगी पडतो. विरजण निराळे तर परिणाम निराळा. दुधात विरजण घातले की दही होते, आम्ल पदार्थ घालून ते फोडले की छेना होतो. आणि या दोहोंपैकी दुधाचे 'खरे' रूप कोणते, हा प्रश्न निरर्थक ठरतो.

२. क्रोचे आणि सपीर

युरोपात दीपघटाच्या जवळ जाणारी, परंतु अधिक सूक्ष्म अशी भूमिका बेनेदेत्तो क्रोचे या इटालियन तत्त्वज्ञाने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यशास्त्रात मांडली. त्याच्या मते प्रतिभान आणि अभिव्यक्ती एकच होत. कलाकृती मनातच पूर्ण होते; रंग, दगड अथवा ध्वनी यांत ती उतरविणे ही नंतरची, व्यावहारिक क्रिया होय. या मताप्रमाणे माध्यमास गौण स्थान प्राप्त होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस विशेष अगत्याची गोष्ट ही की क्रोचेविषयी आदर बाळगणाऱ्या एका भाषाशास्त्रज्ञानेच माध्यमाची बाजू मांडली. एडवर्ड सपीर याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'लँग्वेज' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत क्रोचेचे ऋण मान्य केले आहे. परंतु शेवटच्या प्रकरणात, भाषा आणि साहित्य यांचा विचार करताना, तो म्हणतो की शिल्पकारास संगमरवर अथवा कांसे असते तशी साहित्यिकास भाषा असते, आणि प्रत्येक भाषेच्या अंगचे गुण व मर्यादा तिच्यातील साहित्याच्या घडणीत उतरतात. साहित्यात दोन थर असतात असेही त्याने सुचविले. एक थर एका भाषेतून दुसरीत फारसे नुकसान न होता नेता येतो. दुसरा त्या भाषेच्या ध्वनी, रूप आणि वाक्यरचना यांत इतका गुंतलेला असतो की तो हलविता येत नाही.

सपीरने हे केवळ ग्रंथ वाचून लिहिले नाही. १९१० ते १९२५ या काळात तो ओटावा येथे कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील मानवशास्त्र विभागाचा प्रमुख होता. त्याच काळात तो मूळ अमेरिकी लोकांच्या भाषांचे संशोधन करीत होता, पियानो वाजवीत होता आणि सातत्याने कविता लिहीत होता. त्याचा 'ड्रीम्स अँड गाइब्ज' हा काव्यसंग्रह १९१७ साली निघाला. पद्याच्या संगीतात्मक पायाविषयीचा त्याचा निबंध १९२१ सालचा, म्हणजे 'लँग्वेज'च्याच वर्षाचा आहे. १९२५ साली भाषेतील ध्वनींच्या आकृतिबंधावरील त्याचा सुप्रसिद्ध लेख प्रसिद्ध झाला, आणि मारियस बार्बो याच्या समवेत त्याने संपादिलेला फ्रेंच कॅनडातील लोकगीतांचा संग्रहही त्याच वर्षाचा. कवी म्हणून सपीरचे नाव फारसे उरले नाही. परंतु सुटे ध्वनी महत्त्वाचे नसून त्यांची परस्परसंबद्ध रचना महत्त्वाची, हा त्याचा सिद्धांत वाचताना पियानोसमोर आणि छंदांसमोर बसलेला सपीर आठवल्याशिवाय राहत नाही. एकाने दुसऱ्यास जन्म दिला असे सिद्ध करता येणार नाही. पण आकृतिबंधाची एकच ओढ तीन क्षेत्रांत काम करीत होती, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

३. खोडलेल्या शब्दांतून चित्र

माध्यमांतराचे सर्वांत बोलके उदाहरण रवींद्रनाथ ठाकुरांचे होय. १८६१ साली जन्मलेल्या रवींद्रनाथांनी १८८१ साली 'वाल्मीकिप्रतिभा' या गीतनाट्यात स्वतः वाल्मीकीची भूमिका केली. कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि निबंध यांखेरीज त्यांनी दोन हजारांहून अधिक गीते रचिली व त्यांना चाली दिल्या. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शब्द आणि सूर ही दोन माध्यमे ज्यास इतकी वश होती, त्या माणसाने वयाच्या साठीनंतर चित्रकलेकडे वळावे, याचे कारण दीपघटाच्या न्यायाने देता येत नाही. न दिसलेला घट दाखविण्यासाठी नवा दिवा हवा होता असे म्हणावे, तर हाताशी असलेले दिवे काही मंद नव्हते.

ही चित्रे सुरू कशी झाली ते पाहिले म्हणजे उलगडा होऊ लागतो. रवींद्रनाथ हस्तलिखितात शब्द अथवा ओळी खोडीत, तेव्हा ती खोडाखोड त्यांना तशीच सोडवत नसे. खोडलेल्या जागा रेषांनी एकमेकींस जोडल्या जात आणि त्यांतून पक्षी, मुखवटे, विचित्र प्राणी असे आकार वर येत. १९२४ साली अर्जेंटिनातील मुक्कामात 'पूरबी' या संग्रहातील कविता लिहिल्या जात असता त्यांच्या वहीतील हे आकार व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेच्या नजरेत भरले. पुढे तिच्याच साहाय्याने मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल कलादालनात त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. आणि त्याच वर्षी युरोपातील इतर देशांत व अमेरिकेतही ती दाखविली गेली. रवींद्रनाथांच्या चित्रांची संख्या दोन हजारांच्या वर जाते.

यात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, चित्राचा आरंभ शब्द संपतो तेथे होत नाही. शब्द नाकारला जातो तेथे होतो. कवीने जो शब्द टाकून दिला त्याची जागा कागदावर शिल्लक राहिली, आणि त्या जागेचा स्वतःचा आकार होता. अर्थ पुसल्यावर अक्षराची केवळ रेषा उरते. ती रेषा आजवर अर्थाच्या सेवेत असल्यामुळे दिसत नव्हती. दुसरी, रवींद्रनाथ आपल्या चित्रांना शीर्षके देण्यास नाखूष असत. शब्दांवर ज्याचे प्रभुत्व, त्यानेच शब्दांना दाराबाहेर थांबविले. यावरून ही चित्रे म्हणजे आधी लिहिलेल्या कवितांची भाषांतरे नव्हेत, हे उघड होते. तिसरी, पुढे चित्राकडून शब्दाकडे उलटा प्रवासही झाला. १९३३ सालच्या 'विचित्रिता'त चित्रे पाहून लिहिलेल्या कविता आहेत. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'खापछाडा' आणि 'से' या पुस्तकांत विसंगत गमतीच्या पद्यांशेजारी व कथांशेजारी त्यांचीच चित्रे आहेत. वाकड्या रेषेने दिलेली मोकळीक शब्दांनीही घेतली.

४. भाषा आणि 'चित्रभाषा'

'चित्रांची भाषा', 'नृत्याची भाषा' असे प्रयोग आपण सहज करितो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती रूपके होत, आणि रूपके म्हणून ती ओळखणे आपल्या विषयास आवश्यक आहे.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंद्रे मार्तिने याने मानवी भाषेची द्विस्तर घडण दाखवून दिली. उक्तीचे प्रथम सार्थ घटक पडतात, आणि त्या सार्थ घटकांचे पुन्हा निरर्थक ध्वनिघटक पडतात. 'पाट' आणि 'वाट' यांत अर्थभेद करणारे 'प्' आणि 'व्' स्वतः काहीच सांगत नाहीत. थोड्याशा ध्वनिघटकांतून अगणित शब्द होतात ते या व्यवस्थेमुळे. चित्रातील रेषेचे असे घटक पाडता येत नाहीत. रेषा किंचित जाड झाली, तिचा वाक थोडा बदलला, तरी चित्र बदलते. कोणता फरक सोडून द्यावयाचा हे सांगणारी वर्णमाला तेथे नसते. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६८ साली हाच भेद निराळ्या रीतीने मांडला. कविता अचूक उतरवून घेतली तर उतरलेली प्रत ही तीच कविता असते. चित्राची कितीही अचूक नक्कल केली तरी ती नक्कलच राहते.

रोमान याकोब्सन याने १९५९ साली भाषांतराचे तीन प्रकार सांगितले: एकाच भाषेतील पर्यायकथन, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर, आणि भाषेतून अन्य चिन्हव्यवस्थेत संक्रमण. कवितेवरून चित्र अथवा कादंबरीवरून चित्रपट हे तिसऱ्या प्रकारात मोडतात. परंतु आत्माविष्काराच्या शोधात होणारे माध्यमांतर या तिन्हींत बसत नाही. कारण तेथे भाषांतरित करावयाची मूळ संहिताच नसते. प्रत्येक माध्यम काही भेद करू देते व काही करू देत नाही. मराठीत 'तो आला' आणि 'ती आली' यांतील लिंगभेद क्रियापदात करावाच लागतो. बंगालीत तो करता येत नाही. त्याचप्रमाणे कवितेत 'झाड' म्हणून थांबता येते. चित्रात ते झाड कोठे, केवढे आणि कोणत्या बाजूस झुकलेले, हे ठरविल्यावाचून सुटका नसते. नवे माध्यम कलावंताकडून अशा निर्णयांची मागणी करते की जे पूर्वीच्या माध्यमात त्याला कधी घ्यावेच लागले नव्हते. ते निर्णय घेताना त्यास आपल्याविषयी जे कळते ते आधी ठाऊक असलेले नसते. आत्मशोध या शब्दास अर्थ येतो तो येथे.

मग एका माध्यमातून दुसऱ्यात काहीच जात नाही काय? बा. सी. मर्ढेकरांच्या विवेचनात याचे एक उत्तर सापडते. प्रत्येक कलेचे माध्यम निराळे, परंतु त्या माध्यमातील घटकांची संघटना करणारी लयतत्त्वे समान, असे त्यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात प्रतिपादिले; संवाद, विरोध आणि समतोल ही ती तत्त्वे होत. मर्ढेकर स्वतः कवी, कादंबरीकार, संगीतिकाकार आणि नभोवाणीवरील अधिकारी होते, ही गोष्ट त्यांच्या सिद्धांताच्या संदर्भात विसरता येत नाही. त्यांचे सर्व म्हणणे मान्य केले नाही तरी एवढे पटते की कलावंताबरोबर जे स्थलांतर करते ते आशय नसून रचनेची जाण असते.

५. दोन भाषा आणि एक डोळा

अरुण कोलटकरांचे उदाहरण आपल्यास अधिक जवळचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९५७ साली मिळविली आणि जाहिरातक्षेत्रात आरेखनकार म्हणून मोठा लौकिक संपादिला. पखवाजाचाही त्यांनी अभ्यास केला. १९७६ साली त्यांचे 'जेजुरी' हे इंग्रजी काव्य पुस्तकरूपाने निघाले व त्यास पुढील वर्षी राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. त्याच १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह आला. पुढे पुष्कळ काळ पुस्तक नाही, आणि २००३-०४ या अवधीत दोन्ही भाषांतील अनेक संग्रह एकामागून एक प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २००४ मध्ये ते निवर्तले. 'भिजकी वही'स २००५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

खंडोबाच्या जेजुरीवरील कविता इंग्रजीत का, असा प्रश्न अनेकांनी केला आहे. दीपघटाच्या न्यायाने तो प्रश्न रास्त ठरतो. मराठी अनुभवास मराठीच दिवा हवा. परंतु इंग्रजीने त्या स्थळाकडे पाहण्याचे जे अंतर दिले, ते मराठीत मिळाले नसते. कारण मराठीत खंडोबाविषयी बोलू लागताच आरती, जागरण आणि गोंधळ यांचे सूर शब्दांना चिकटून येतात. उलट त्यांच्या १९७७ च्या मराठी संग्रहात मुंबईच्या रस्त्यावरील हिंदीत लिहिलेलीही कविता आहे. तेथे त्या बोलीखेरीज दुसऱ्या कशानेच काम झाले नसते. २००४ सालच्या 'काळा घोडा पोएम्स' मधील एका कवितेत रस्त्यावरील कुत्र्याच्या अंगावरचे काळे ठिपके जुन्या मुंबईच्या नकाशासारखे दिसतात. हा दृष्टांत सुचण्यास पृष्ठभागावरील आकार वाचण्याची सवय लागते, आणि ती आरेखनकाराची सवय होय. चरितार्थाचा उद्योग आणि आत्माविष्कार यांत भिंत घालणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

६. शोध आणि भटकंती

येथवर दिलेली उदाहरणे थोरांची आहेत, आणि थोरांच्या उदाहरणांनी काहीही सिद्ध करता येते, असा आक्षेप घेतला जाईल. तो योग्य आहे. म्हणून दुसरीकडून पाहू.

महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रीजीवनात एकच कला धरून बसण्याची कल्पना कधी नव्हती. जी स्त्री पहाटे जात्यावर ओवी गाई, तीच दारात रांगोळी घाली आणि जुन्या लुगड्यांची वाकळ शिवी. गी पॉत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखावर गेली आहे. ओवीत माहेर, भाऊ, सासुरवास यांविषयी जे बोलता येई ते रांगोळीत येत नसे. आणि रांगोळीतील ठिपक्यांची शिस्त ओवीत नसे. या स्त्रियांनी आपणांस कलावंत म्हटले नाही. परंतु अनेक माध्यमांत वावरणे हा अपवाद नसून सामान्य मानवी व्यवहार आहे, आणि एकाच कलेची दीक्षा ही विशिष्ट व्यवसायरचनेने घडविलेली गोष्ट आहे, हे त्यांच्यावरून दिसते. 'विष्णुधर्मोत्तर पुराणा'च्या तिसऱ्या खंडात मार्कंडेय वज्र राजास हेच निराळ्या रीतीने सांगतो: मूर्तिशास्त्र कळण्यास चित्र, चित्र कळण्यास नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत जाणावे लागते. गीतापाशी आल्यावर चर्चा संस्कृत, प्राकृत या भाषांकडे वळते. मूर्ती घडविण्याच्या प्रश्नाने सुरू झालेली वाट भाषेपर्यंत येऊन पोहोचते, याची नोंद आपल्यासारख्यांनी घ्यावी.

तरीही प्रत्येक भ्रमंती हा शोध नव्हे. या दोहोंत भेद करण्यास तीन कसोट्या उपयोगी पडतील असे वाटते.

पहिली कसोटी प्रतिकाराची. प्रत्येक माध्यम आरंभी सोपे भासते आणि थोड्याच काळात अडवू लागते. हा अडथळा येताच जो माध्यम बदलतो, त्यास ते माध्यम भेटलेच नाही. त्याच्याबाबत चिंध्यांची म्हण खरी ठरते. कारण विरजण लागण्याइतका वेळ त्याने कोठेच दिलेला नसतो. रवींद्रनाथांची चित्रे दोन हजारांवर आहेत, ती संख्या या दृष्टीने बोलकी आहे.

दुसरी कसोटी प्रत्यागमनाची. नव्या माध्यमातून परत आल्यावर जुने काम बदलले काय? चित्रानंतरचे 'खापछाडा', किंवा छंदांच्या आणि ध्वनिरचनेच्या अभ्यासात एकाच वेळी रमलेला सपीर, ही येथील उदाहरणे. परत आल्यावर काहीच बदलले नसेल, तर मधला काळ विरंगुळ्याचा होता असे म्हणावे. विरंगुळाही वाईट नव्हे. पण त्यास शोध म्हणू नये.

तिसरी कसोटी प्रश्नाच्या सातत्याची. माध्यमे बदलत असता एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते काय? ती विषयाच्या रूपाने भेटेलच असे नाही. अंतराची, खोडण्याची, आवर्तनाची, पृष्ठभाग वाचण्याची एखादी सवय म्हणून ती भेटते. असा धागा सापडला तर बाहेरून विखुरलेले दिसणारे काम आतून एक असते. तो धागा त्या व्यक्तीस स्वतःस फार उशिरा दिसतो, आणि पुष्कळदा दुसऱ्याने दाखवावा लागतो.

या तीन कसोट्यांत यशाचा समावेश केलेला नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. सपीरच्या कविता विस्मृतीत गेल्या म्हणून त्यांवर वेचलेली वर्षे वाया गेली असे ठरत नाही. दीपघटाच्या न्यायाने प्रयत्न फसला म्हणजे घट दिसलाच नाही. दुग्धदधिन्यायाने मात्र जे रूप आले ते आले. ते इतरांस रुचले नाही तरी दुधाविषयी काही सांगून गेले.

विद्यापीठातील अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक साधी गोष्ट निष्पन्न होते. प्रबंधिका लिहिणारा विद्यार्थी नाटकात काम करितो असे कळल्यावर 'अभ्यासास वेळ कसा मिळतो' हा प्रश्न रास्तच आहे आणि तो विचारलाही जावा. परंतु त्याबरोबर दुसरा प्रश्न विचारला जात नाही: वाक्य मोठ्याने बोलावे लागल्यावर वाक्याविषयी काय कळले? बलाघात, विराम, सुरावली यांविषयी पाठ्यग्रंथांत जे वाचले, ते रंगमंचावर तसेच आढळले की निराळे? या प्रश्नास उत्तर देता आले तर ते नाटक त्या विद्यार्थ्याच्या भाषाशास्त्राचाच भाग झाले. उत्तर देता आले नाही, तर निदान कोठे पाहावयाचे हे त्यास कळले. आणि पुढील सत्रात तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो.